अलमट्टीवर बोलतो तसं तेरवाडवर पण बोलूया

संपादक साहेब, नमस्कार.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवायचा विषय निघाला की आपल्याकडं मोर्चे, चक्काजाम सगळं सुरू होतं आणि ते व्हायलाच पाहिजे, २०१९ आणि २०२१ चा महापूर आम्ही कोल्हापूरच्या बावडेकरांनी बघितलाय. पण कर्नाटकानं आपला विचार करावा म्हणणारे आपण, आपल्याच खालच्या गावांचा किती करतो?

माझी बहीण शिरोळ तालुक्यात दिलीय. उन्हाळ्यात एकदा तिथल्या पंचगंगा नदीवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर थांबून बघा. बरग्यांना, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांना, जलपर्णी अडकलेली, काळपट पाण्यावर फेस, आणि वाईट दिवस असला तर मासे तोंड वर काढून तडफडत असतात, नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभं राहवत नाही. मग आंदोलन होतं, अधिकारी येतात, बाटलीत नमुना घेतात, वरनं पाणी सोडतात म्हणजे घाण पुढच्याच्या दारात. कोल्हापूर म्हणतं इचलकरंजीच्या कापड प्रोसेसचं पाणी, इचलकरंजी म्हणते कोल्हापूरचे नाले, आणि दोघं मिळून बोट दाखवतात कारखान्यांकडं नि गावांच्या सांडपाण्याकडं. सगळेच खरं बोलतात, गंमत तीच. नदीकाठी राहून बहिणीच्या घरात प्यायचं पाणी मात्र नाणं टाकून भरलेल्या जारमधलं.

युरोपात ऱ्हाईन नदीची हीच गत होती. स्वित्झर्लंडातून येते, जर्मनी-फ्रान्सच्या हद्दीवरनं जाते आणि नेदरलँडमध्ये समुद्राला मिळते. फ्रान्समधल्या अल्सेसच्या पोटॅश खाणी मीठ नदीत सोडायच्या आणि नुकसान व्हायचं पार तळाच्या नेदरलँडमधल्या बागायतदारांचं. १९७६ ला करार झाला, मीठ कमी करायचा खर्च वाटून घेतला, नेदरलँड ३४ टक्के, जर्मनी ३०, फ्रान्स ३०, स्वित्झर्लंड ६. म्हणजे ज्याला त्रास त्यानंच सगळ्यात जास्त भरले! मला हे अजून पूर्ण पटत नाही, शिरोळच्या शेतकऱ्याला असं सांगायला गेलो तर तो उसाचं कांडं घेऊन मागं लागेल. पण त्यामुळं भांडण 'दोषी कोण' वरनं 'कुणी किती द्यायचे' वर आलं हे खरं. तरी करार लागू व्हायला १९८५ उजाडलं, तिकडं पण सगळं झटपट होत नाही.

मग १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ केमिकलच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, नदी लाल झाली, मासे मेले. पण या देशांचा एकत्र आयोग १९५० पासूनच होता, त्यामुळं पुढच्याच वर्षी कार्यक्रम ठरला, २००० पर्यंत सॅमन मासा नदीत परत आणायचा, आणि तो आला. आज बाझेलच्या खाली जर्मन हद्दीत पाणी तपासायचं केंद्र आहे, खर्च जर्मन आणि स्विस मिळून करतात, काही वेगळं सापडलं की खालच्या शहरांना निरोप जातो. एकमेकांशी लढाया केलेले देश आहेत हे! आणि आपला तर जिल्हा एकच, कलेक्टर एकच.

(संयुक्त राष्ट्रांची मोठी पाणी परिषद १९७७ ला झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ ला, त्यामुळं वरनं कोण येऊन आपली नदी साफ करंल या भ्रमात राहू नये.)

आम्ही कोल्हापूरकरांनी काय केलं, काळम्मावाडी धरणाहून थेट पाईपलाईन आणली, २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं, फटाके वाजवले. इचलकरंजीनं वारणा नदीचं पाणी मागितलं तर दानोळीकर आडवे पडले, सुळकूडहून दूधगंगेचं मागितलं तर तिथले लोक. त्यांचं तरी काय चुकलं, स्वतःच्या दारातली नदी नासवून दुसऱ्याची मागायची म्हटल्यावर कोण देणार. आणि सांडपाण्याचे प्रकल्प उभे करायला पैसे मिळतात, उद्घाटनाला गर्दी होते, पण रोज चालवायचं लाईट बिल कुणी भरायचं यावर कुणी बोलत नाही, वाटणी खरी तिथं व्हायला पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. वरचे आणि खालचे दोघांची माणसं एकत्र उभी राहून कोल्हापूरचा राजाराम बंधारा, इचलकरंजी आणि तेरवाड या तीन ठिकाणी रोज पाणी तपासूदेत, म्हणजे नमुन्यावरनं वाद नको. आणि पावसाळ्यात ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका असं तुम्ही रोज छापता ना, तसाच पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा या तिन्ही ठिकाणचा वर्षभर छापा, अगदी छोट्या चौकटीत छापला तरी चालंल.

आपला,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर