रेपो दराइतकंच निवेदनही वाच

इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणात खरा तो रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो; बाकी गव्हर्नरांचं निवेदन म्हणजे शब्दांचा फुलोरा. बँकेच्या काउंटरवर हयात गेलेल्या तुझ्या आईला हे पटलेलं नाही.

जुलै 2023 आठव. चोइथराम मंडीतच टोमॅटोला हात लावण्याची सोय नव्हती. देशाची किरकोळ महागाई 7.44 टक्के. आपल्या कोपऱ्यावरच्या भोजनालयवाल्याने थाळी महाग केली. पुढे टोमॅटो उतरले, थाळी उतरली नाही. रिझर्व्ह बँकेला धास्ती असते ती याची. भाजीचं पीक काही तिच्या हातात नाही. पण ‘आता सगळं महागच होत जाणार’ हे लोकांच्या मनाने घेतलं, की दुकानदार आधीच भाव चढवतो, कामाच्या बाई पगार वाढवून मागतात आणि महागाई मुरते. म्हणून तर रिझर्व्ह बँक घरोघरी विचारून घेते, पुढे भाव कुठे जातील असं तुम्हाला वाटतं? त्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी दर 6.5 टक्क्यांवरच ठेवला आणि कारण सांगितलं: नवा माल आला की भाजी उतरेल. ऑक्टोबरात महागाई 4.87 टक्क्यांवर आली. अशाने पुढच्या वेळी लोक ऐकतात.

युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांचं तर तुला पाठच असेल. 26 जुलै 2012 ला लंडनमध्ये ते म्हणाले, युरो टिकवायला लागेल ते करू. सात टक्क्यांच्या वर गेलेले स्पेनच्या कर्जाचे दर उतरू लागले. सप्टेंबरात त्यांच्या बँकेने सरकारी रोखे विकत घेण्याची योजना जाहीर केली, ती कधी वापरावीच लागली नाही. मागे युरोपीय मध्यवर्ती बँकेची ताकद होती, म्हणून शब्दाला वजन आलं.

आणि म्हणूनच 2022 चं मला अजून सलतं. सलग तीन तिमाह्या महागाई सहा टक्क्यांच्या ठरलेल्या मर्यादेवर राहिली, तेव्हा कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणं लिहून द्यावी लागली. ते पत्र बँकेने जाहीर केलं नाही. ठेवीदाराच्या व्याजातलं किती महागाईने खाल्लं, हे मी काउंटरवर रोज पाहिलंय. त्याला ते वाचायचा हक्क होता. यश सांगायचं आणि चुकलं ते झाकायचं, असं केलं की विश्वास उडतो.

पुढचं निवेदन आलं की मागचं शेजारी ठेवून वाच. काय गाळलंय ते मला रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई