हॉकी कार्डांची किंमत छापताना त्यांची अवस्थाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या खेळकार्डांना परदेशात कोट्यवधी रुपये मिळतात, अशी बातमी अधूनमधून छापून येते. आकडा खरा असतो. कॅनडाचा बर्फावरच्या हॉकीतला खेळाडू वेन ग्रेट्स्की याचे 1979-80 च्या मोसमातले ओ-पी-ची कंपनीचे कार्ड मे 2021 मध्ये साडेसदतीस लाख डॉलरना विकले गेले. पण त्या कार्डाला पीएसए या ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीने दहापैकी दहा दिलेले होते आणि त्या ग्रेडची तेव्हा दोनच कार्डे होती, हे बातमीत येत नाही. मग कॅनडात नोकरीला असलेल्या मामाने किंवा आत्याने कधीकाळी आणून दिलेला डबा माळ्यावरून खाली उतरतो. ओल्या फडक्याने कार्डे पुसली जातात, जुना रबरबँड काढून नवा घट्ट लावला जातो, कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून लॅमिनेशनही करून आणतो. चाळीस पावसाळ्यांनी केले नसेल एवढे नुकसान एका दुपारी होते. हे टळावे म्हणून हे पत्र.

मुंबईत हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात आणि हिरवळ डोळ्यांसमोर येते. ही कार्डे बर्फावरच्या हॉकीची, म्हणजे मुख्यतः कॅनडाची. सुरुवात झाली सिगारेटच्या पाकिटांतून. इम्पिरियल टोबॅको कंपनीचा 1910-11 चा रंगीत संच 36 कार्डांचा आहे, संग्राहक त्याला सी 56 म्हणतात. पुढच्या वर्षीचा सी 55 हा 45 कार्डांचा. गोलरक्षक जॉर्ज वेझिनाचे पहिले कार्ड त्यातले. 1912-13 चा सी 57 हा 50 कार्डांचा आणि काळा-पांढरा. ही कार्डे जेमतेम दीड बाय अडीच इंचांची. आजच्या मापाच्या प्लास्टिक खिशात ती सैल पडतात, पान उलटताना खाली घसरतात आणि दर वेळी तोच कोपरा आपटतो.

संचाची गंमत आणि दुखणे दोन्ही कळायला 1923-24 चा पॅटरसन संच पाहावा. ओंटारियोतल्या ब्रँटफर्डची ही मिठाई कंपनी. तिने 40 कार्डे काढली आणि पूर्ण संच आणून देणाऱ्या मुलांना बक्षीस ठेवले. बक्षिसे फार वाटावी लागू नयेत म्हणून 25 क्रमांकाचे बर्ट कॉर्बोचे कार्ड मुद्दाम अगदी थोडे छापले. आज हाउई मोरेंझ किंवा किंग क्लॅन्सी यांची पहिली कार्डे याच संचात असूनही सगळ्यांचे घोडे अडते ते कॉर्बोपाशी. त्यामुळे कोणी ‘पॅटरसन, पूर्ण’ म्हणून संच पुढे केला, तर पहिल्यांदा 25 क्रमांक हातात घ्यावा. तो नसेल तर संच 39 कार्डांचा आहे, आणि 39 ची किंमत 40 च्या जवळपासही नसते.

युद्धानंतर संग्राहकांच्या दृष्टीने मोठा संच म्हणजे टोरोंटोच्या पार्कहर्स्टचा, 1951-52 चा, 105 कार्डांचा. 4 क्रमांकावर मोरिस रिशार, 61 वर टेरी सॉचक, 66 वर गॉर्डी हाव, तिघांचीही पहिली कार्डे. 52 क्रमांकाच्या कार्डावर मात्र कोणाचा चेहरा नाही, प्रसंग आहे. एप्रिल 1951 मध्ये बिल बारिल्कोने टोरोंटोला स्टॅनले कप, म्हणजे या खेळातला सर्वोच्च करंडक, जिंकून देणारा गोल मारला, तो क्षण. ऑगस्टमध्ये तो विमानासह बेपत्ता झाला आणि अवशेष सापडले 1962 मध्ये. असे कार्ड हातात असताना कोपऱ्यांची चर्चा करणे कोणाला कोरडेपणाचे वाटेल, पण कोपरे राहिले तरच ते कार्ड पुढच्या माणसापर्यंत जाईल.

आपल्याकडच्या घरांत निघण्याची शक्यता त्यातल्या त्यात जास्त ती 1970 नंतरच्या कार्डांची. ग्रेट्स्कीचे सुरुवातीला सांगितलेले कार्ड 1979-80 च्या मोसमात दोन कंपन्यांनी काढले, कॅनडात ओ-पी-चीने आणि अमेरिकेत टॉप्सने. समोरून दोन्ही सारखी, निळ्या चौकटीची, दोन्हीचा क्रमांक 18. फरक मागे. ओ-पी-चीच्या पाठीवर इंग्रजी आणि फ्रेंच असा दोन भाषांत मजकूर आहे आणि पुठ्ठा फिकट आहे. टॉप्सच्या पाठीवर फक्त इंग्रजी आणि पुठ्ठा करडा. ओ-पी-चीचा संच 396 कार्डांचा, टॉप्सचा 264 चा. ओ-पी-चीच्या कडा कापतानाच खरबरीत व्हायच्या, कागदाचे तंतू दिसायचे. ही खरबरीत कड दोष नाही. उलट त्या काळच्या ओ-पी-चीच्या कार्डाची चारही बाजूंची कड आरशासारखी गुळगुळीत असेल, तर कोणीतरी नंतर पाते चालवल्याचा संशय धरावा.

पाते चालवणे हा या छंदाचा जुना रोग आहे, आणि योगायोगाने ग्रेट्स्कीचे नाव त्यालाही चिकटलेले आहे. 1991 मध्ये त्याने आणि त्याच्या संघाचे तेव्हाचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी मिळून होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे सिगारेट-कार्ड 4 लाख 51 हजार डॉलरना घेतले. पीएसएने ग्रेड दिलेले ते पहिले कार्ड, ग्रेड 8. ते कार्ड कडेने कापल्याची कबुली विक्रेता बिल मॅस्ट्रो याने 2013 मध्ये दिली. म्हणजे कार्ड ग्रेडिंग कंपनीच्या प्लास्टिकच्या डबीत बंद आहे आणि वर ग्रेडचा आकडा आहे, एवढ्यावर डोळे मिटू नयेत.

कापलेले कार्ड ओळखायला महागडी साधने लागत नाहीत. 1957 पासून टॉप्सचे माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे 63.5 बाय 88.9 मिलिमीटर. व्हर्निअर कॅलिपरने मोजू नये, त्याचे जबडे कडेला खळी पाडतात. काचेवर कार्ड ठेवून स्टीलच्या पट्टीने मोजावे. मग त्याच संचातली पाच-सहा साधी, कमी किमतीची कार्डे एकावर एक रचून संशयित कार्ड मध्ये सरकवावे आणि गठ्ठा टेबलावर उभा टेकवून बघावा. छापखान्यात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतेच, पण एकच कार्ड एकाच बाजूने आत गेलेले दिसले की विचारायला जागा आहे. कडेचा रंगही सांगतो. जुन्या पुठ्ठ्याची कड पृष्ठभागाइतकीच पिवळसर झालेली असते. ताजी कापलेली कड पांढरी दिसते.

नकला ओळखायला दहापट मोठे दाखवणारा लूप घ्यावा, झवेरी बाजारात जवाहिऱ्यांकडे असतो तसा. खऱ्या कार्डावर चित्र ठिपक्यांचे असते, पण नाव आणि चौकटीच्या काळ्या रेघा सलग शाईच्या असतात. नक्कल ही छापलेल्या कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलेली असते, त्यामुळे तिच्यात अक्षरेही ठिपक्यांची होतात. ही एक खूण बहुतेक खोटी कार्डे पकडते. 1950 च्या आधीच्या कार्डांसाठी अतिनील टॉर्चही उपयोगी, 365 नॅनोमीटरचा. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायने युद्धानंतर सर्रास वापरात आली. 1923 चे म्हणवणारे कार्ड अंधारात नुकत्या धुतलेल्या सदऱ्यासारखे निळे चमकले तर ते 1923 चे नाही. न चमकले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जुना कोरा कागद मिळवणारेही आहेत. निळ्या चौकटीच्या कार्डांवर घासलेली जागा मार्करने रंगवतात. कार्ड दिव्याखाली तिरपे धरले की छपाईची शाई आणि मार्कर वेगवेगळे चकाकतात, आणि मार्करचा रंग कडेतून पुठ्ठ्यात मुरलेला दिसतो.

पूर्ण संच विकत घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती सरासरीत. विक्रेता गठ्ठ्याचा फोटो टाकून ‘अवस्था उत्तम’ लिहितो. तीनशे साधी कार्डे खरोखर उत्तम असतात आणि ज्यांच्यात किमतीचा मोठा वाटा, ती तीन-चार वाकलेली निघतात. 1958-59 च्या टॉप्सच्या 66 कार्डांत शेवटचेच कार्ड बॉबी हलचे पहिले. क्रमाने लावलेल्या गठ्ठ्यात ते तळाशी असायचे, रबरबँड त्यालाच कापायचा, म्हणून ते चांगले मिळणे कठीण. 1966-67 च्या 132 कार्डांत 35 क्रमांकावर बॉबी ऑरचे पहिले कार्ड आहे. त्याची चौकट लाकडी टीव्हीच्या खोक्यासारखी तपकिरी, त्यामुळे कोपरा नखभर सोलला तरी पांढरा ठिपका लांबून दिसतो. अशा कार्डांचे पुढचे-मागचे आणि चारही कोपऱ्यांचे वेगळे फोटो मागावेत, पैसे त्यानंतर. चित्र मधोमध आहे का तेही मोजावे. चौकटीची रुंदी डावीकडे 3 मिलिमीटर आणि उजवीकडे 2 म्हणजे 60-40. यादीची कार्डे, ज्यांवर मुले मिळालेल्या क्रमांकापुढे पेनाने खूण करायची, तीही संचात धरली जातात. खूण नसलेली यादी कमी मिळते.

आता आपल्या हवेबद्दल, कारण कॅनडात लिहिलेले सल्ले इथे निम्मेच लागू पडतात. कागदाला साधारण 45 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती 80 च्या वर असते. पुठ्ठा फुगतो, चकचकीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, तपकिरी ठिपके पडतात, बुरशी धरते, आणि कसर लागते ती वेगळीच. रबरबँड उन्हाळ्यात वितळतो आणि त्याची काळी रेघ कार्डावर कायमची राहते. माळा आणि बाहेरच्या भिंतीला चिकटलेले कपाट या दोन जागा वर्ज्य. आतल्या भिंतीच्या लोखंडी कपाटातला मधला खण बरा.

प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पाकिटात घालावे, किमती असेल तर त्यावर टॉपलोडर, म्हणजे वरून उघडे कडक प्लास्टिकचे कवच. मऊ पीव्हीसीची पाने नकोत. नव्या रेनकोटसारखा वास येतो ती पीव्हीसीची. वर्षा-दोन वर्षांत ती चिकट होतात आणि शाई उचलतात. चिकट पानांचे जुने फोटो अल्बम तर त्याहून वाईट. पाकिटातली कार्डे झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात ठेवावीत. दहा लिटरच्या डब्यात 100 ग्रॅम सिलिका जेल, कापडी पिशवीत, कार्डांना न टेकता. नारिंगी दाण्यांचे घ्यावे. निळ्यात कोबाल्ट असते, ते घरात मुले असताना नको. रंग पालटला की 120 अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवले की पुन्हा चालते. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवावाच. हौसेने किलोभर सिलिका टाकून आकडा तिशीत नेला, तर कार्डे धनुष्यासारखी वाकतात. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते आणि वास पुठ्ठ्यात कायमचा बसतो. आणि एसीच्या थंड खोलीतून काढलेला डबा पावसाळी हवेत लगेच उघडू नये. तासभर बंद ठेवावा, नाहीतर थंड कार्डांवर दव धरते.

मैदानी हॉकीच्या जुन्या चित्रांनाही बहुतेक हेच लागू. बर्लिनला 15 ऑगस्ट 1936 रोजी भारताने जर्मनीला 8-1 हरवले, त्या ऑलिम्पिकचा जर्मन सिगारेट-चित्रांचा दोन खंडांचा अल्बम निघाला होता. त्यात चित्रे डिंकाने चिकटवायची होती. ती सोडवायला वाफ किंवा पाणी लावू नये, चित्र अल्बमातच सुरक्षित आहे.

ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी तो उघडल्यावर हात धुऊन कोरडे करावेत, रबरबँड ओढून न काढता कात्रीने कापावा, कार्डाला चिकटलेला तुकडा खरवडू नये, क्रमांकानुसार लावून कोणते क्रमांक नाहीत ते वहीत लिहावे आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. पुसणे, इस्त्री, खोडरबर, लॅमिनेशन यांतले काहीही करू नये. ते हात दाखवून अवलक्षण ठरते, कारण साफ केलेले कार्ड ग्रेडिंगमध्ये बदललेले म्हणून परत येते.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे अशा विक्रीची बातमी देताना किमतीच्या शेजारी कार्डाचा ग्रेड, कंपनी आणि वर्ष द्यावे. एका ओळीची जागा लागते.

आपला,
कागदी संग्रहांचा एक अभ्यासक
माटुंगा, मुंबई