ज्यू परंपरेत प्राणिप्रतिमांना सरसकट मनाई नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील ज्यू धर्मावरील लेखात, दहा आज्ञांमधील मूर्तिनिषेधामुळे त्या परंपरेत प्राण्यांच्या प्रतिमा सरसकट निषिद्ध ठरल्या, असे विधान आहे. बायबलमधील एकट्या बैलाचा माग काढला तरी ते टिकत नाही.

सीनाय पर्वताच्या पायथ्याशी मोशे प्रेषिताचा भाऊ अहरोन याने घडवलेले सोन्याचे वासरू घोर पाप ठरले आणि इ.स.पू. दहाव्या शतकात यराबाम राजाने बेथेल व दान येथे स्थापलेल्या वासरांचीही तशीच निर्भर्त्सना झाली. मात्र त्याच्या थोडे आधी शलमोन राजाने जेरुसलेमला बांधलेल्या मंदिरात याजकांच्या शुद्धीसाठी जे प्रचंड जलपात्र होते, ते पितळेच्या 12 बैलांच्या पाठीवर पेललेले होते, आणि त्याचे वर्णन करताना ग्रंथकर्त्याने नापसंतीचा एक शब्दही लिहिलेला नाही. पाण्याचा भार वाहणारा बैल चालतो. माणसे ज्याच्यापुढे वाकतात तो चालत नाही. सर्पदंश झालेल्यांनी पाहावा व वाचावे म्हणून मोशेने देवाच्याच आज्ञेवरून घडवलेला पितळी सापही, लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागल्यावर, हिज्कीया राजाने फोडून टाकला.

वासराचा डाग पुढे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) काळातही पुसला गेला नव्हता. नववर्षाला फुंकायचा शोफार (आपल्याकडे बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या प्रार्थनास्थळांत, म्हणजे सिनेगॉगमध्येही तो फुंकला जातो) गाईबैलाच्या शिंगाचा चालत नाही. त्याचे तालमुदातील (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातील) एक कारण असे की, वासराच्या पापाची आठवण देणारा जो फिर्यादी आहे त्यालाच बचावासाठी उभे करता येत नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक सोनेरी वस्त्रे उतरवून पांढऱ्या तागाच्या वस्त्रांत परमपवित्र स्थानी जाई, त्यामागेही हाच तर्क सांगितला आहे, कारण वासरू सोन्याचे होते.

असे असूनही, आजच्या इस्रायलमधील बेथ अल्फा येथे 1928 च्या अखेरीस पाट खोदताना सापडलेल्या सहाव्या शतकातील सिनेगॉगच्या मोझेइक फरशीवर राशिचक्र आहे, इसहाकाच्या जागी बळी जाणारा मेंढा आहे आणि प्रवेशापाशीच, फरशीतील अक्षरलेखनाच्या दोन बाजूंना, सिंह व बैल आहेत. राशिचक्राच्या मधोमध सूर्याचा रथ कसा आला, हा वेगळ्या पत्राचा विषय. पण भाविकांच्या पायाखाली येणाऱ्या बैलाची कोणी पूजा करील, अशी भीती तिथल्या लोकांना वाटली नसावी.

बाराव्या शतकात जर्मनीतील कोलोनच्या सिनेगॉगमधील खिडक्यांवरच्या सिंह-सापांच्या चित्रांना आक्षेप घेणारे रब्बी होऊन गेले, हे खरे आहे. लेखकाने अशांचे मत प्रमाण मानले असावे. त्या वादाला दुसरा पक्षही होता, एवढी नोंद लेखात हवी होती.

— एक वाचक, ठाणे