‘श्यामची आई’चे ओचे कुठे गेले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की ‘श्यामची आई’वर बेतलेल्या नाटुकल्यांच्या तालमी सुरू होतात. याबद्दल तक्रार नाही, उलट आनंदच आहे. तक्रार आहे ती संहितांबद्दल. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकावरून लिहिलेल्या नसतात. सिनेमावरून किंवा आधीच्या एखाद्या नाटुकलीवरून त्या उतरवलेल्या असतात आणि दर वेळी मूळ कथेतले काहीतरी गळत जाते.

सगळ्यांना ठाऊक असलेला प्रसंग घ्या. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई त्याच्यासाठी लुगडे पसरते. रंगमंचावर हमखास पदर पसरला जातो. पुस्तकात शब्द आहे ‘ओचे’, म्हणजे नेसत्या लुगड्याचा पुढचा निऱ्यांचा भाग. पदर खांद्यावरून ओढून घेणे ही एक अदा आहे. कामाच्या रगाड्यात असलेल्या बाईने अंघोळीच्या धोंडीवर आपले ओचे पसरायचे म्हणजे तिला वाकावे लागते आणि नेसते लुगडे ओले होते. मुलाचा हट्ट तिला किती महागात पडतो ते तिथे दिसते. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनाला जप, हे तिचे सांगणे त्यामुळेच भिडते. आता भाड्याने मिळणाऱ्या शिवलेल्या नऊवारीला ओचे नसतातच. तिच्या निऱ्या टीप मारून पक्क्या केलेल्या असतात आणि पदर खांद्याला पिनेने टाचलेला असतो. वाकले की पीन सुटते किंवा कापड फाटते. म्हणून या भूमिकेसाठी साधे सुती लुगडेच हवे, तेही नेसवलेले. आठवीनववीच्या मुलीला ते नेसवायला सुरुवातीला चांगली वीस मिनिटे लागतात. त्याचा सराव पहिल्या तालमीपासून करावा, रंगीत तालमीच्या दिवशी नव्हे. चकचकीत जरीकाठ तर नकोच. ते कर्जात बुडालेले घर आहे.

साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत हे लिहिले. पुस्तक १९३५ साली आले. त्यात बेचाळीस ‘रात्री’ आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी बांधणी. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले आणि त्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. चित्रपट थोर आहे यात वादच नाही. पण त्याचा ठसा इतका खोल उमटला की पुढच्यांनी पुस्तक उघडायचेच सोडले. सत्तर वर्षांनी, नोव्हेंबर २०२३मध्ये, सुजय डहाके यांनी तो विषय पुन्हा पडद्यावर आणला, तोही मुद्दाम कृष्णधवल. त्यात साने गुरुजी स्वतः पात्र म्हणून आहेत. हा निर्णय आम्हाला अचूक वाटतो.

कारण निवेदक काढला की सगळे बिघडते. मोठा श्याम बोलत असतो तेव्हा त्याच्या बोलण्यात खंत असते, स्वतःच्या हट्टीपणाची लाज असते. तो गाळला की मंचावर उरतात एक सोशिक बाई आणि एक रडके पोर. डाव्या कोपऱ्यात एक कंदील, एक घोंगडी आणि तीनचार श्रोते बसवले की काम भागते. नेपथ्याचा खर्चही वाचतो.

दुसरी चूक हावरेपणाची. पंचवीस मिनिटांत आठ प्रसंग कोंबतात. मुले मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द बोलतात आणि हालचाली, शांतता धरली तर पंचवीस मिनिटांच्या संहितेत दोन हजार शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत. म्हणजे तीन रात्री, फार तर चार. आमची निवड विचाराल तर ‘श्यामचे पोहणे’, ‘अळणी भाजी’ आणि ‘देवाला सारी प्रिय’.

‘पोहणे’मध्ये आई शिपटीने मारते, हे अनेकांना अडचणीचे वाटते. मग मार गाळतात आणि रडणे ठेवतात. असे करू नये. लपून बसलेल्या मुलाला बाहेर काढणारी, मारून पोहायला पाठवणारी आणि तो परतल्यावर पाठीवरच्या वळांना तेल लावणारी बाई एकच आहे. मार पडद्याआड, नुसत्या आवाजावर दाखवता येतो. तेल लावणे मात्र प्रेक्षकांसमोर व्हावे आणि तेव्हा पार्श्वसंगीत बंद असावे.

‘अळणी भाजी’त वडिलांचे काम करणारा मुलगा पहिल्याच घासाला तोंड वाकडे करतो, हशा पिकतो आणि प्रसंग तिथेच संपतो. भाजीत मीठ नाही हे प्रेक्षकांना वडिलांच्या चेहऱ्यावरून कळताच कामा नये. ते मुकाट जेवतात, भाजीला नाव ठेवत नाहीत. आई शेवटी जेवायला बसते आणि पहिला घास घेते, तेव्हा कळावे.

‘देवाला सारी प्रिय’मध्ये आई श्यामला महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला पाठवते आणि आल्यावर अंघोळ कर म्हणते. हल्लीच्या संहितांतून ती अंघोळ गायब असते. आई आधुनिक दिसावी म्हणून. ती तशी नव्हती. सोवळे पाळणाऱ्या घरातली बाई रूढीत राहूनच माणुसकीची वाट काढते आहे. अंघोळ ठेवा आणि तिच्याबद्दल चार शब्द मोठ्या श्यामला बोलू द्या.

भाषेचेही असेच. कोकण म्हटले की पात्रांच्या तोंडी मालवणी घालतात. श्यामचे गाव पालगड दापोली तालुक्यात आहे. मालवणी तिथून बरीच दक्षिणेला, सिंधुदुर्गात. पुस्तकातली सरळ मराठी पुरेशी आहे.

आणि शेवटच्या दहा-अकरा रात्री? सावकार, जप्ती, ‘तेल आहे तर मीठ नाही’, ‘अब्रूचे धिंडवडे’. या सहसा कोणी करतच नाही, आईचा मृत्यू तेवढा उचलतात. ती कशाने खंगली हे न दाखवता तिचा मृत्यू दाखवणे हा नुसता रडवण्याचा धंदा झाला.

हक्कांविषयीही गोंधळ फार आहे. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. भारतीय कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे धरली तर पुस्तकाचा स्वामित्वहक्क ३१ डिसेंबर २०१० रोजी संपला. त्यावरून नवे नाटक लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. पण अत्रे १९६९ साली गेले, तेव्हा त्यांचे चित्रपटासाठीचे लेखन २०२९अखेर संरक्षित आहे. चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, त्यांच्या चाली २०३५अखेर. शाळेच्या कार्यक्रमात, विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे सादर करायला कायद्यात सूट आहे. तोच प्रयोग यूट्यूबवर चढवला की ती सूट लागू होत नाही. चित्रपटातल्या ‘छडी लागे छमछम’ या गाण्याच्या जागी आवाज बंद होतो आणि शिक्षक म्हणतात, यंत्रणेचा दोष. तिकीट लावून बाहेर प्रयोग करायचा असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे.

नाटुकलीसाठी संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. हक्क खुले झाल्यापासून आवृत्त्या उदंड आहेत. विकत घेण्याआधी अनुक्रमणिकेत बेचाळीस रात्री मोजाव्यात, मग ओच्यांच्या प्रसंगाची ‘थोर अश्रू’ ही रात्र उघडून ‘ओचे’ हा शब्द आहे का ते पाहावे. तिथे ‘पदर’ दिसला तर पुस्तक परत ठेवावे.

— बालनाट्ये बसवणारे काही शिक्षक, दापोली