अपिलाचे कागद विद्यार्थ्यांच्या हाती द्या

संपादक महोदय,

विधी महाविद्यालयांत कायदेविषयक सहाय्य केंद्रे असावीत, हे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मध्येच नमूद आहे. अनेक ठिकाणी ही केंद्रे शिबिरे आणि प्रभातफेऱ्यांपलीकडे जात नाहीत. शिक्षा झालेल्या कैद्याला मात्र आपल्या खटल्याचे कागद कोणीतरी सवडीने वाचावेत एवढेच हवे असते. ती सवड विद्यार्थ्यांकडे असते.

वकिलीची सनद नसल्याने विद्यार्थी न्यायालयात उभा राहू शकत नाही. वकालतनामा आणि युक्तिवाद वकिलाचाच. त्याआधीचे काम मात्र विद्यार्थी नीट करू शकतात.

पहिली गोष्ट मुदत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला ६० दिवस मिळतात, फाशी असेल तर ३०. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस या मुदतीत मोजले जात नाहीत, म्हणून नकलेवरच्या तारखा आधी टिपाव्यात. निकालाची प्रत कैद्याला मोफत द्यावी आणि तुरुंगाधिकाऱ्याने तिची लेखी पोच घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने होस्कोट प्रकरणात १९७८ मध्येच सांगितले आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत ‘प्रत हातात कधी पडली?’ हे विचारावे. मुदत उलटली असेल तर ती पोच विलंबमाफीच्या अर्जाला जोडता येते.

खालच्या न्यायालयाचे रेकॉर्ड आले की खरे काम सुरू होते. निकालपत्र शेवटी वाचावे, असे आमचे ठाम मत आहे. ते आधी वाचले की साक्षी त्याच चष्म्यातून दिसू लागतात. एका फाइलवर दोन विद्यार्थी असावेत, दोघांनी वेगवेगळा तक्ता करावा आणि मग ताडून पाहावा. साक्षीदार क्रमांक, पोलिसांपुढचा जबाब कोणत्या तारखेचा, सरतपासणीत (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाच्या प्रश्नांत) काय, उलटतपासणीत काय आणि निशाणी क्रमांक (पुराव्यातील कागद-वस्तूंना दिलेला क्रमांक) एवढे रकाने पुरतात.

नवख्यांची हमखास चूक होते ती ओमिशनमध्ये, म्हणजे साक्षीत आलेली पण पोलिस जबाबात नसलेली गोष्ट हाताळताना. साक्षीदार न्यायालयात म्हणतो, ‘त्याच्या हातात कोयता होता.’ पोलिस जबाबात कोयता नाही. विद्यार्थी आनंदाने मुद्दा लिहून मोकळा होतो. पण ही उणीव साक्षीदाराला दाखवली होती का? आणि तपास अधिकाऱ्याकडून ती सिद्ध करून घेतली होती का? नसेल तर अपिलात तो मुद्दा टिकत नाही.

भाषांतराकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. साक्ष मराठीत नोंदलेली असते आणि उच्च न्यायालयाच्या पेपर बुकात (अपिलासाठी बांधलेल्या कागदपत्रांच्या संचात) तिचे इंग्रजी भाषांतर असते. ‘पाठमोरा दिसला, त्याच्यासारखा वाटला’ याचे भाषांतर नुसते ‘त्याला पाहिले’ असे झाले, तर ओळखीचा संशयच पुसला जातो. मूळ मराठी साक्ष शब्दाशब्दाने ताडून पाहणे हे मराठी विद्यार्थ्यांइतके चांगले कोण करणार?

मुद्देमालाचा प्रवासही असाच तपासावा: जप्ती कधी, मुद्देमाल कारकुनाची नोंद कधी, प्रयोगशाळेत कोणी नेला, सील शाबूत होते का. मधले चार दिवस हत्यार कुठे होते याचे उत्तर कागदांत नसेल, तर ते वकिलाला ठळक अक्षरांत कळवावे. पुराव्यानंतर न्यायालय आरोपीचा जो जबाब घेते, त्यात पुराव्यातली कोणती बाब त्याला विचारलीच नाही, हेही पाहावे.

एक पथ्य पाळलेच पाहिजे. एकाच खटल्यातले दोन आरोपी एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर केंद्राने दोघांचीही कामे घेऊ नयेत.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे इंटर्नशिप सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही आणि अपील तर वर्षानुवर्षे चालते. सत्र संपते, विद्यार्थी जातो, तक्ता त्याच्याच लॅपटॉपवर राहतो. विद्यापीठांनी त्याच फाइलवर पुढच्या वर्षी पुन्हा काम करण्याची मुभा द्यावी आणि हस्तांतराची लेखी टिपणी दिल्याशिवाय गुण देऊ नयेत, अशी आमची मागणी आहे.

कळावे,
फौजदारी अपिलांचे काम करणारे काही वकील व विधी अध्यापक