'शांत करणे' या एकाच शब्दाबद्दल

दांडिया बाजार, बडोदे

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या पत्रकाचे तू केलेले भाषांतर वाचले. मूळ इंग्रजीत पाच निरनिराळी क्रियापदे असताना तू पाचही ठिकाणी 'शांत करणे' लिहिलेस आणि वर मराठीत शब्दच नाहीत अशी तक्रार केलीस, ती मला पटली नाही.

'सूद' (soothe) हा शब्द घे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'खरे असल्याचे दाखवून देणे' असा होता. त्याच्या मुळाशी असलेला 'सूथ', म्हणजे सत्य, हा संस्कृत 'सत्'चा दूरचा भाऊबंद आहे. पुढे सोळाव्या शतकात हा शब्द समोरच्याच्या म्हणण्याला मान डोलावण्याकडे, अगदी हांजी हांजी करण्याकडे घसरला, आणि त्यानंतर कुठे दुःख हलके करण्याकडे वळला. लहानपणी तू ओट्यावरून पडलीस की आजी तुला कडेवर घेऊन फरशीवर चापट मारी आणि म्हणे, "फरशीनं मारलं ना माझ्या बाईला? हात रे!" फरशीचा काहीच अपराध नसे, पण तुझे म्हणणे खरे ठरले की तुझे रडे थांबे. तिथे 'समजूत काढणे' लिही.

'काम' (calm) हा शब्द देवनागरीत नेमका उलटा भासतो. त्याचे मूळ ग्रीक 'कौमा', म्हणजे दाह. भर दुपारच्या उन्हात सारे व्यवहार थांबतात, त्यावरून निश्चलतेचा अर्थ आला असे मानतात. वैशाखात दोनच्या सुमारास सूरसागराच्या काठाने जाऊन पाहा: पाण्यावर तरंग नाही, दुकानांची शटरे अर्धी खाली, आणि कट्ट्याच्या सावलीत एक कुत्रे जीभ काढून पडलेले. घाबरलेल्या रुग्णाला असे स्थिर करायचे, तर 'धीर देऊन स्थिर करणे' हेच बरे.

'अस्वेज'च्या (assuage) पोटात लॅटिन 'सुआविस', म्हणजे गोड, आहे, आपल्या 'स्वादु'चा नातलग; म्हणून वेदनेसाठी 'निववणे' योग्य. 'लल' (lull) हा तर पाळण्याशेजारच्या गुणगुणण्याचाच नाद आहे, आणि आपल्याकडे 'जो जो'वरून 'जोजवणे' तयारच आहे. 'क्वेल' (quell) मात्र जपून वापर, कारण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ठार मारणे असा होता. भीती मोडून काढायची असेल तिथे तो अर्थ चालेल. रडणाऱ्या मुलासाठी मुळीच नाही.

दुरुस्त प्रत रविवारपूर्वी पाठव, म्हणजे फोनवर एकेक वाक्य मोठ्याने वाचून पाहता येईल.

तुझे बाबा