रात्री फोन उचलणारी माणसे हवी आहेत : मंडळाचे आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि माजी कार्यकर्ते यांस सप्रेम नमस्कार.

पत्र घाईत लिहितो आहे, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करावे. मजकुराकडे मात्र करू नये. वार्षिक अहवालाचे जे होते ते याचे होऊ नये एवढीच विनंती.

गेल्या महिन्यातल्या रविवारची हकीकत बहुतेकांच्या कानावर आली आहे, पण अर्धवट. ‘सूनबाईंना चक्कर आली आणि लवकर बाळंतपण झाले’ एवढेच फिरते आहे. चक्कर आलीच नव्हती. (घरच्यांना विचारून लिहितो आहे. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील.) सासूबाईंचा रक्तदाब मोजायचा म्हणून त्या दोघी आपल्या रविवारच्या तपासणीला आल्या. सूनबाईंना पस्तिसावा आठवडा होता आणि दहाच दिवसांपूर्वी दवाखान्यात ‘सगळे छान आहे’ असे ऐकून आल्या होत्या. त्या नुसत्या सोबत म्हणून बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, दोन दिवस डोके ठणकते आहे, झोप झाली नसेल. सिस्टरबाईंनी त्यांच्या बोटाकडे पाहिले आणि विचारले, “अंगठी निघते का?” निघत नव्हती, साबण लावून झाला होता. मग यंत्राचा पट्टा बांधला. 164/112. पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, गप्प बसवले आणि पुन्हा मोजले. 166/110. डोळ्यांपुढे काजवे? हो, सकाळपासून. पोटात? उजव्या बरगडीखाली दुखतेय, पित्त असेल. सिस्टरबाईंनी यंत्र मिटले आणि माझ्याकडे वळून एकच शब्द म्हणाल्या, “गाडी.”

याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब 140/90 किंवा त्यावर जातो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. 160/110 च्या घरात गेला की थांबायचे नसते, कारण पुढे झटके येऊ शकतात. पावले सुजणे अनेकींना होते, पण चेहरा आणि हात अचानक सुजणे निराळे. डोकेदुखी, पित्त, अपुरी झोप ही सगळी घरातली रोजची कारणे, त्यांच्या आड हा आजार लपतो. 22 मे हा या आजाराचा जागतिक दिन. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी आपण याच विषयावर व्याख्यान ठेवले होते. खुर्च्या शंभर मांडल्या, माणसे अकरा आली, त्यांत पदाधिकारी सात. डॉक्टरांनी तरीही पूर्ण तासभर मन लावून सांगितले. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

असो. रुग्णालयात रक्त तपासले तर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 62 हजार. दीड लाखाच्या वर असायला हव्यात. यकृताचे आकडेही बिघडलेले. डॉक्टर म्हणाले, हेल्प सिंड्रोम (HELLP, याच आजाराचे गंभीर रूप) दिसतो आहे. सूनबाईंचे यजमान धावत पुढे आले, “सांगा ना डॉक्टर, काय हेल्प करू?” आता हसू येते, तेव्हा कोणी हसले नाही. या आजाराला बाळंतपण हाच उतारा, म्हणून त्याच रात्री सिझेरियन ठरले. प्लेटलेट्स कमी असल्याने कंबरेत सुई देता येईना, पूर्ण भूल द्यावी लागली. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची सलाइन लावली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या, 33 देशांतल्या चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे दिसले, ही माहितीही त्याच रिकाम्या सभागृहात सांगितली गेली होती. सूनबाई म्हणतात, त्या औषधाने अंगातून नुसत्या गरम वाफा निघत होत्या आणि नर्स पुन्हा पुन्हा येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघत होती.

आता मुद्द्याचे. शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट्स तयार हव्या होत्या. आपले रक्तदान शिबिर वर्षातून एकदा, प्लेटलेट्स टिकतात साधारण पाच दिवस. म्हणजे त्या शिबिराचा आपण कितीही अभिमान बाळगला (आणि बाळगतोच) तरी त्या रात्री त्याचा उपयोग नव्हता. उपयोग होता तो यादीचा. शिबिरात ‘केव्हाही बोलवा’ असे लिहून देणाऱ्या 46 जणांची यादी मंडळाकडे आहे. मी आणि खजिनदार जिन्यात उभे राहून फोन लावत होतो. बरेच बंद, काही चुकीचे, काही वाजून वाजून थांबले. एकाने विचारले, “सकाळी आलो तर चालेल का?” कोणाला दोष देत नाही. पण ते वाक्य विसरता येत नाही.

चौघे आले. त्यांतले एक रात्रपाळीवरून परस्पर आले आणि जवळजवळ दोन तास यंत्राला जोडलेल्या हाताने पडून राहिले. दुसऱ्या दोघी बहिणी, ज्यांना आपण परवापरवापर्यंत बालविभागात नाच करताना पाहिले. चौथे आपले माजी अध्यक्ष. वयामुळे रक्तपेढीने त्यांना परत पाठवले, तर ते पहाटेपर्यंत सगळ्यांना चहा पुरवत बसले. मंडळ या चौघांचे ऋणी आहे.

ऋण आणखीही आहे. ज्या यंत्राने त्या दिवशी 164 दाखवले ते मुख्याध्यापिका बाईंनी निवृत्त होताना दिलेले. ‘माझा सत्कार नको, मुलींच्या उपयोगाचे काही घ्या’ म्हणाल्या होत्या आणि शाल खरोखरच परत केली होती. पट्टा फाटला तेव्हा शिंपीकाकांनी तो दोनदा शिवून दिला, आज ते नाहीत पण टाका शाबूत आहे. सिस्टरबाई नऊ वर्षे एकही रविवार न चुकवता बसतात, स्वतःच्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा बसल्या. गाडीवाल्या दादांनी त्या रात्रीचे भाडे तर घेतले नाहीच, वर ‘पुन्हा विचारलेत तर बोलणार नाही’ असा दम दिला.

बाळ आधी अतिदक्षता विभागात होते, आता घरी आले आहे, दूध चांगले ओढते. आईचा रक्तदाब मात्र अजून मोजावा लागतो. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका राहू शकतो, तेव्हा ओल्या बाळंतिणीचे डोके दुखले तर ‘जागरण’ म्हणून सोडून देऊ नका.

तर हवे आहे ते : (1) नव्या यादीसाठी दाते, रात्री फोन सुरू ठेवणारे. प्लेटलेट्स देणाऱ्यांनी आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, बाकी पात्रता रक्तपेढी पाहील. नाव द्यायचे तर मनापासून द्या, संख्या वाढवायला नको. (2) रक्तदाबाची दोन नवी यंत्रे, गरोदरपणासाठी प्रमाणित केलेली, मोठ्या पट्ट्यासह (जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो). वस्तू द्या वा रक्कम, यथाशक्ती, पावती घ्यावीच. (3) आठवड्यातून एक रात्र गाडी देऊ शकणारे सात जण, सध्या दोन आहेत. (4) सिस्टरबाईंच्या हाताखाली शिकायला दोघे-तिघे, त्यांचेही गुडघे दुखतात. कार्यालय रोज सायं. 6 ते 8, रविवारी सकाळी तपासणीच्या वेळी. फोन क्रमांक फलकावर आहेत. महिनाअखेरपर्यंत कळवावे.

आपला,
सचिव

ता.क. मंडळाची घडीची चाकाची खुर्ची ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया परत आणून ठेवावी. त्या रविवारी ती जागेवर नव्हती, सूनबाईंना दोघांनी धरून दोन जिने उतरवावे लागले.